४५ मैल? १८ करा!

प्रश्न : आम्ही दोघं (वय ७१ आणि ६६) सप्टेंबरात मुलाकडे सेंट लुइसला जाणार आहोत. त्याने मिझुरीतल्या करंट नदीवर तीन दिवसांची ‘फ्लोट ट्रिप’ ठरवली आहे. कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होडीतून, प्रवाहाबरोबर जायचं, मासे धरायचे, रात्री काठावर तंबू ठोकायचा. सीडर ग्रोव्ह ते टू रिव्हर्स, ४५ मैल. मला पोहता येतं, गळ टाकून बसायची सवयही आहे. हिला दोन्ही नाही. हिचे गुडघे दुखतात आणि रात्री शौचाचं काय, या काळजीने ती आत्तापासूनच हैराण आहे. जावं का? काय काय न्यावं?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जा. पण चिरंजीवांची ४५ मैलांची आखणी आधी मोडीत काढा.

कनू भाड्याने देणारे सांगतात, दिवसाला पंधरा मैल सहज होतात. खोटं नाही ते, नुसतं वल्हवत गेलं तर होतात. गळ बरोबर असला की हिशेब बदलतो. वाकणावर हिरवा डोह दिसला की कनू गोट्यांवर ओढायची, गुडघाभर पाण्यात उतरायचं, वीस वेळा गळ टाकायचा, एकविसाव्यांदा दोरी झाडात अडकवायची आणि मग ती सोडवत बसायचं. एका डोहाला पाऊण तास धरा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अशीच लांबलचक आखणी केली होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत नुसतं वल्हं मारलं. गळ पिशवीत आणि जीभ बाहेर. मालवणात वाढलेला माणूस इतक्या पाण्यातून रिकाम्या हाताने परत आला, हे घरी सांगताना काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

तुम्ही सीडर ग्रोव्ह ते पुलटाइट एवढंच करा, साधारण १८ मैल. शनिवार-रविवार टाळा, तेव्हा नदीची जत्रा होते. मंगळवारी जेवून निघा आणि तीन-चार मैलांवर थांबा. बुधवारी वाटेतल्या एकर्स या ठिकाणाच्या थोडं खाली मुक्काम, गुरुवारी दुपारी पुलटाइट. तुमची गाडी कनूवालेच खालच्या टोकाला आणून ठेवतात, त्याची बोली आधीच करून घ्या.

पाणी पुरेल का, ही शंका नको. ही झऱ्यांवर पोसलेली नदी आहे, कोरड्या सप्टेंबरातही वाहते. झऱ्याचं पाणी बारा महिने सुमारे १४ अंशांचं, पाय घातलात की कळेलच. १९६४ साली कायदा करून ही नदी आणि तिची उपनदी जॅक्स फोर्क यांना राष्ट्रीय संरक्षण दिलं गेलं. एकर्सच्या अलीकडे वेल्च झऱ्यापाशी एका दवाखान्याच्या पडक्या भिंती दिसतील. १९१३ साली डील नावाच्या डॉक्टरांनी ती जागा घेतली आणि गुहेच्या तोंडाशीच दवाखाना बांधला. आतून येणाऱ्या थंड हवेने दमेकरी बरे होतील, अशी त्यांची कल्पना. पुढे एकर्स आणि पुलटाइटच्या मध्ये केव्ह स्प्रिंग लागतो. तिथे कनू सरळ गुहेत घालता येते. वहिनींना आत न्याच.

आता तंबू. नदी वाकणावर गोट्यांची वाळवंटं टाकते, त्यांवर उतरायचं. तंबू वाळवंटाच्या सगळ्यात उंच भागावर, झाडांच्या बाजूला, आणि मागे चढ चढून जाता येईल अशाच जागी. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एकदा पाण्याचा आवाज छान येतो म्हणून मी तंबू काठाला लावला होता. आमच्या डोक्यावर थेंब नव्हता, पाऊस पडला वरच्या अंगाला. रात्री दोनला ठक्‌ ठक्‌ आवाजाने जाग आली. ओढून ठेवलेली ॲल्युमिनियमची कनू पाण्यावर उचलली जाऊन गोट्यांवर आपटत होती. ती वाचली. थंड पेटी मात्र गेली, मीठ-हळद लावून ठेवलेल्या दोन माशांसकट. तेव्हापासून मुक्कामाला पोचल्यावर चहाच्या आधी एक काम करतो. सुरीने बोटाबोटावर खाचा पाडलेली काठी पाण्याच्या कडेला रोवतो, झोपताना बघतो आणि रात्री उठलो की पुन्हा बघतो. दोन खाचा बुडाल्या की सगळ्यांना उठवायचं. २०१७च्या पुरात याच नदीने खाली व्हॅन ब्युरेनला ३७ फुटांची पातळी ओलांडली होती, त्याआधीचा १९०४चा विक्रम २९ फुटांचा. बऱ्याच भागात मोबाइल चालत नाही. हवामान आणि एकर्सच्या वरची पाण्याची पातळी निघायच्या सकाळीच बघा. वरच्या अंगाला वादळी पावसाचा अंदाज असेल तर सरळ सेंट लुइसला थालीपीठ खात बसा.

वहिनींची काळजी रास्त आहे आणि बायकांना ती उघड विचारता येत नाही म्हणून सविस्तर सांगतो. दिवसा एकर्सला शौचालय आहे. रात्रीसाठी घट्ट झाकणाची बादली, तिच्यावर बसायची कडी, आत जाड पिशवी आणि मांजरांसाठी मिळते ती माती. आडोशाला उभा राहणारा छोटा तंबू मिळतो. सगळं बांधून परत आणायचं. आमची ही आधी नाक मुरडत होती, आता बादली गाडीत पहिली तीच चढवते.

गुडघ्यांसाठी पाठ असलेली, कनूच्या बाकाला अडकवायची खुर्ची मागा. वहिनींना मधल्या जागी बसवा, पुढे वल्हं धरायला तुम्ही, मागे चिरंजीव. लाइफ जॅकेट तिघांनी अंगातच घालायचं, बुडाखाली घेऊन बसायचं नाही. वाकणाच्या बाहेरच्या बाजूला पडलेली झाडं असतात आणि प्रवाह नेमका त्यांच्याखाली ओढतो. आधीच आतल्या बाजूने जा. तरी आडवे जाऊन आदळलातच, तर झाडाकडे झुका. मन उलट सांगतं, पण प्रवाह येतो त्या बाजूला झुकलात की पाणी काठावरून आत येतं आणि कनू भरते.

परवान्याचं ऐका. मिझुरीच्या रहिवाशांना ६५ वर्षांनंतर मासेमारीचा परवाना लागत नाही. तुम्ही पाहुणे, तुम्हाला लागतो, एकेका दिवसाचा मिळतो. ट्राउट जातीचे मासे ठेवायचे असतील तर त्यासाठी वेगळा. सीडर ग्रोव्ह ते एकर्स या टप्प्यात दिवसाला चार ट्राउट ठेवता येतात, त्यातला ब्राउन जातीचा असला तर १५ इंचांहून लहान चालत नाही. सीडर ग्रोव्हच्या वर नियम फार कडक आहेत, म्हणून मी तुम्हाला तिथून खालीच सोडलं आहे. निघायच्या आठवड्यात ताजे नियम एकदा वाचा. चिरंजीवांकडे नमद्याच्या तळाचे बूट असतील तर घरी ठेवायला सांगा. इथल्या ट्राउटच्या पाण्यात त्यांना बंदी आहे, ओल्या तळातून एक उपद्रवी सूक्ष्म शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. एकर्सच्या खाली स्मॉलमाउथ बास जास्त भेटतील. त्यांना नदीतल्या कुर्ल्यांसारख्या झिंग्यांचं वेड, तेव्हा तपकिरी रबरी झिंगा तळावरून हळू ओढा. धरलात की सोडून द्या, हे माझं मत, नियम नव्हे.

खाण्याचं थोडक्यात. काचेची बाटली किंवा बरणी कनूत न्यायला कायद्याने मनाई आहे. वहिनींचं लोणचं प्लास्टिकच्या डब्यात भरा. थर्माकोलची पेटीही चालत नाही, आणि कचऱ्यासाठी जाळीची पिशवी कनूला बांधलेली हवी. तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, तिखट-हळद एवढं न्या. पहिल्या रात्री मासा मिळेलच असं धरू नका, पिठी-भाताची तयारी ठेवा. मिळाला तर कापून, पोटात आमसूल घालून, निखाऱ्यावर. गोचिडांसाठी पायमोजे विजारीवर ओढा आणि झोपायच्या आधी एकमेकांची मान, कानामागची जागा तपासा.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही ‘फ्लोट फिशिंग’ असा शब्द वापरलात. म्हणजे दोरीला बूच लावून गरवणं ना? ते तर आम्ही लहानपणापासून करतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इंग्लंडात त्याचा अर्थ तोच. मिझुरीच्या ओझार्क डोंगरांत मात्र बूच पाण्यात नसतं, माणूसच बूच होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गलीना गावातून सपाट तळाच्या लाकडी होड्या निघत, जेम्स आणि व्हाइट या नद्यांवरून ब्रॅन्सनपर्यंत सुमारे सव्वाशे मैल. शहरी पाहुणा खुर्चीत बसून गळ टाकणार आणि वल्हं स्थानिक वाटाड्याच्या हातात. पाचेक दिवसांनी पाहुणे उतरले की होड्या आगगाडीवर चढवायच्या आणि परत गलीनाला. नदी इतकी वळसे घेत जाते की लोहमार्गाने ते अंतर अगदीच थोडं. १९५८ साली टेबल रॉक धरण पुरं झालं आणि त्या वाटेचा बराच भाग तलावाखाली गेला. होडीच्या परतीचं काम आता ट्रेलर करतो.