गरीब देशांत सुरक्षित पिण्याच्या पाण्यासाठी कोणतं नवं यंत्र सर्वात उपयोगी ठरेल?

यंत्राचं विचारलंत म्हणून लिहायला बसले, एरवी मी इथे नुसती वाचते.

घाटकोपरला डोंगरावर आमची खोली. पाणी पहाटे साडेचारला, सव्वा तास. २०१६च्या पावसाळ्यात मुलाला कावीळ झाली, शेजारी दोन घरांतही. धाकटे दीर हप्त्यावर आरओ (पाण्यातले क्षारही काढणारा फिल्टर) घेऊन आले. "वहिनी, आता तरी विज्ञानावर विश्वास ठेवा." वर दाबच नाही, म्हणून त्याला पंप वेगळा. एक कळशी गाळली की तीन मोरीत. आणि मुंबईचं पाणी तानसा-वैतरणा-भातसाचं, तलावाचं. त्यात काढायला क्षार तरी कुठे एवढे?

घाण वाटेत शिरत होती. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि सैल सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढतो. गल्लीत चार टुल्लू (लाइनमधून पाणी खेचणारे छोटे पंप) लागले की विचारूच नका. आमची लाइन तर गटारातूनच आलेली. शेवटी अकरा घरांनी वर्गणी काढली, प्लंबरने गंजलेला तुकडा बदलून लाइन भिंतीवरून घेतली. पहिली बादली काळी यायची, ती थांबली. पुन्हा कुणाला कावीळ नाही, आरओ नसलेल्या घरांतही नाही. दिरांना हे अजून पटलेलं नाही.

तेव्हा तुमचं यंत्र. दक्षिण आफ्रिकेत मुलांनी चक्री फिरवत खेळायचं आणि पाणी वर यायचं, असा पंप गाजला होता. पुढे ती चक्री बायकांनाच फिरवावी लागली. उलट बांगलादेशात जुनी साडी चौपदरी करून गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. (काविळीचा विषाणू साडीत अडकत नाही, सासूबाईंनाही हे सांगून झालंय.) झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. माझ्या लेखी तो निकाल कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठा.

हां, बोअरच्या पाण्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड असेल, तर नुसत्या पाइपने भागणार नाही. तिथे गाळायची सोय हवीच, नाहीतर दुसरीकडून पाणी आणा. आणि पावसाळ्यात मी अजूनही उकळूनच देते. दीर यावरून मला धरणार, माहीत आहे. पण आमच्या वाट्याची वर्गणी त्यांच्या दोन हप्त्यांएवढीसुद्धा नव्हती.