स्पिनोझा तुरुंगात का गेला नाही?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: 17व्या शतकात हॉलंडमध्येही पुस्तकांवर बंदी येत होती, मग डच तत्त्वज्ञ स्पिनोझा सुटला कसा, आणि बंदीने पुस्तकं खरंच थांबायची का?

‘निनावी छापलं म्हणून सुटला’ हे नेहमीचं उत्तर अर्धंच आहे. बायबलची चिकित्सा करणारा त्याचा 1670चा लॅटिन ग्रंथ ‘ट्रॅक्टेटस थिऑलॉजिको-पॉलिटिकस’ घ्या. शीर्षकपानावर लेखकाचं नावच नाही; गाव हॅम्बुर्ग, प्रकाशक हेन्रिकस क्यूनराट. दोन्ही खोटं. पुस्तक निघालं ॲमस्टरडॅममध्ये, यान रिउवर्ट्सकडून. पुढच्या काही छपायांवरही साल 1670च ठेवलं, म्हणजे नवा माल जुना साठा वाटावा. आज त्या वेगळ्या ओळखतात त्या छापखान्याच्या चुकांवरून: पहिल्या छपाईत पान 104वर आकडा पडलाय 304. नंतर तर काही प्रतींना चक्क शस्त्रक्रियेच्या ग्रंथाचं शीर्षकपान चिकटवलं!

एवढं करूनही लेखक कोण ते लवकरच फुटलं. माझ्या मते खरी ढाल होती लॅटिन. विद्वानांनी आपापसात काय वाचावं याकडे नगरशासक काणाडोळा करत. तेच डचमध्ये आलं की धर्मगुरू गप्प बसू देत नसत. स्पिनोझाच्याच वर्तुळातला आद्रियान कूरबाख डचमध्ये लिहायचा, 1668च्या एका पुस्तकावर तर स्वतःचं नाव घालून. त्याच्या दुसऱ्या पुस्तकाचे फर्मे (छापील कागदांचे गठ्ठे) उत्रेख्तला छापून होत असताना मुद्रकच घाबरला आणि प्रकरण अधिकाऱ्यांकडे गेलं. शिक्षा दहा वर्षं कैद. 1669मध्ये तो कैदेतच वारला. फेब्रुवारी 1671मध्ये स्पिनोझाने यारिख येलेस या मित्राला पत्र लिहून ‘ट्रॅक्टेटस’चं डच भाषांतर छापू देऊ नकोस म्हणून विनवलं, त्यामागे हेच असणार.

बंदी पुढे आलीच, 1674मध्ये, इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या ‘लेव्हायथन’सोबत. ती कितपत चालायची? त्यासाठी याच ‘लेव्हायथन’ची इंग्लंडमधली किंमत पाहा. तिथे बिशप ते पुन्हा छापू देत नव्हते. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पेपीस याच्या 1668च्या रोजनिशीत नोंद आहे: पूर्वी 8 शिलिंगला मिळणारी प्रत त्याने जुनी, वापरलेली, 24 शिलिंगला घेतली. आणि दर 30 चालू होता. म्हणजे बंदीने पुस्तक थांबलं नाही, महाग झालं.