अमेरिकेतली शहरं स्वतःची जमीन तेल-वायू कंपन्यांना भाडेपट्ट्याने देऊ शकतात का?

टेक्सासमध्ये तरी हो. तिथे जमिनीखालचं तेल जमीनमालकाचं असतं (त्याने खनिजहक्क आधीच विकले नसतील तर), आणि महापालिकाही मालकच. आपल्याकडे हा विषय केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे पुणे महापालिकेला असा पट्टा देताच येणार नाही.

यात पैसा मोठा आहे. डॅलस-फोर्टवर्थ विमानतळ या दोन शहरांच्या मालकीचा. 2006 मध्ये तिथल्या वायूसाठी चेसापीक कंपनीने सुमारे 18.5 कोटी डॉलर आगाऊ मोजले, वर 25 टक्के रॉयल्टी.

पण पट्टा मिळाला म्हणजे विहीर खणायची परवानगी मिळाली असं नाही, आणि खरी भांडणं इथेच होतात. डॅलसने 2008 मध्ये ट्रिनिटी ईस्ट कंपनीकडून सुमारे 1.9 कोटी डॉलर घेऊन पट्टे दिले, त्यात उद्यानांची जमीनही होती. उद्यानाचा वापर बदलायचा तर राज्याच्या कायद्यानुसार जाहीर नोटीस आणि सुनावणी लागते. विहिरींच्या परवानगीला शहराच्या नियोजन आयोगाने नकार दिल्यामुळे नगरपरिषदेत 15 पैकी 12 मतं हवी होती. 2013 मध्ये पडली 9. पैसे घ्यायचे आणि दारही लावायचं, म्हणून कंपनी कोर्टात गेली; 2023 मध्ये ज्यूरीने तिला 3.3 कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली.

टेक्सासमधल्याच डेंटन शहराच्या मतदारांनी 2014 मध्ये फ्रॅकिंगवर (जास्त दाबाने पाणी सोडून खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) सरळ बंदीच घातली. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने एचबी 40 हा कायदा आणून शहरांचे अधिकार छाटले. आता वाहतूक, आवाज, अंतर असे जमिनीवरचे नियमच शहराच्या हातात, तेही कंपनीला व्यवहार्य ठरतील असे.