भिंतीवरचं विमान आणि मामाचं वर्कशॉप

प्रश्न : मुलाला बारावीला 68 टक्के आहेत. एक वर्ष ड्रॉप घेऊनही जेईई मेनमध्ये 74 पर्सेंटाइलच्या वर गेला नाही. त्याने डीआरडीओत शास्त्रज्ञ व्हावं आणि ‘अ‍ॅम्का’ या आपल्या स्टेल्थ (रडारला सहज न दिसणाऱ्या) लढाऊ विमानावर काम करावं, ही माझी इच्छा. चांगले शास्त्रज्ञ कमी पडतात म्हणूनच आपली विमानं रखडतात. प्रेरणा म्हणून त्याच्या टेबलासमोर विमानाचं मोठं पोस्टर लावलंय. अंबडला त्याच्या मामाचं वर्कशॉप आहे, तिथे तो तासन्‌तास रमायचा. ते बंद केलं. आणखी एक ड्रॉप घेऊन एअरोस्पेसच मिळवावं का? – एक पालक, नाशिक

उत्तर : नाही. ड्रॉप नको.

गुणांबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. तुमचं पत्र वाचताना मी अडखळले ती ‘ते बंद केलं’ या तीन शब्दांवर. एकोणीस वर्षांचा मुलगा कुणी न सांगता तासन्‌तास एका जागी थांबतो, ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ पालकांना स्वप्नवत वाटेल. ते तर मोबाइल कसा सोडवायचा हे विचारायला येतात. तुमचा मुलगा लेथपाशी उभा राहत होता आणि तुम्ही त्याला तिथून उठवून पोस्टरसमोर बसवलंत. ते पोस्टर त्याला रोज काय सांगत असेल, याचा विचार केलाय? मला तरी त्यात प्रेरणा दिसत नाही. तुमची अपुरी राहिलेली हौस दिसते. स्पष्ट बोलल्याबद्दल राग मानू नका, पण विमान तुम्हाला आवडतं. मुलाला ते आवडतं, असं तुमच्या पत्रात कुठेही नाही.

आता तुमच्या एका समजाबद्दल. शास्त्रज्ञ कमी म्हणून विमान रखडतं, हे निम्मंसुद्धा खरं नाही. कागदावर जमलेली गोष्ट धातूत उतरवणं, तीही दरवेळी तितकीच अचूक, हे फार अवघड असतं. आपलं कावेरी इंजिन घ्या. 1989 मध्ये मंजूर झालं आणि ज्या तेजस या आपल्या हलक्या लढाऊ विमानासाठी ते होतं, त्यापासून 2008 मध्ये वेगळं करावं लागलं. अ‍ॅम्काची पहिली विमानंही अमेरिकन इंजिनावरच उडायची आहेत. लढाऊ जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांवर जो वायू आदळतो, तो त्या पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असतो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं, आत थंड हवेच्या बारीक वाटा ठेवायच्या आणि अशी शेकडो पाती एकसारखी काढायची. स्टेल्थचंही तसंच. विमानाचा आकार आणि रडारच्या लहरी शोषणारा लेप यांची चर्चा सगळे करतात. पण दोन पॅनेलमधली फट, शस्त्रकप्प्याच्या दाराची कड, वर आलेला एखादा स्क्रू हेसुद्धा रडारला दिसतं. अमेरिकेत 1970 च्या दशकात ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक स्टेल्थ विमान एका चाचणीत अचानक रडारवर ठळक दिसू लागलं. शोधाशोध केल्यावर कारण सापडलं : तीन स्क्रू नीट आवळलेले नव्हते आणि जेमतेम तीन मिलिमीटरही वर आले नव्हते. डिझाइन करणाऱ्यांची सगळी हुशारी त्या तीन स्क्रूंनी वाया घालवली होती. असा स्क्रू बोटाने चाचपून ओळखणारा माणूस कुठे तयार होतो? मामाच्या वर्कशॉपसारख्या ठिकाणी.

आणि हे सगळं तुमच्या दारातच आहे. ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, सुखोई लढाऊ विमानांची जुळणी झाली, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए तिथूनच उडालं. अ‍ॅम्काच्या विकासाला मार्च 2024 मध्ये सुमारे 15,000 कोटींची मंजुरी मिळाली, त्यातून पाच नमुना विमानं व्हायची आहेत. तेजसचा प्रकल्प 1983 चा, पहिलं उड्डाण 2001 मध्ये, स्क्वाड्रनमध्ये दाखल 2016 मध्ये. तेव्हा एका प्रवेश परीक्षेवरून इतकं घायकुतीला येऊ नका. मुलाच्या उमेदीतही या विमानांचं काम उरलेलं असेल.

मार्ग तुम्हाला ठाऊक असतीलच : सीईटीतून मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन, नाहीतर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेचीही चौकशी करा. उद्या त्यालाच डीआरडीओत जावंसं वाटलं, तर डिग्रीनंतरच्या गेट परीक्षेचा रस्ता मेकॅनिकलवाल्यालाही मोकळा आहे. त्यासाठी एअरोस्पेसचीच डिग्री लागते, हा गैरसमज तुम्हाला क्लासवाल्यांनी करून दिला असणार.

मेहुण्यांना एकदा फोन करा. मुलगा नुसता बघत बसायचा, की मशीनला हात लावायचा? मायक्रॉमीटर वाचता येतो का? मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला भाग, बिघडला तर कंटाळून निघून जायचा, की पुन्हा सेटिंग लावायचा? त्यांच्या उत्तरातून मला त्याच्या 74 पर्सेंटाइलपेक्षा बरंच जास्त कळेल. कदाचित ते म्हणतील, ‘अहो, तो तर चहा प्यायला यायचा.’ मग आपण वेगळा विचार करू.

नव्या बॅचची फी भरली नसेल तर थांबा, आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. न वाचता पाठवा.