तांबी काढून टाकू का?

तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी. ती बसवलेल्या बाईचा पॅप तपासणीचा (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी काचेवर घेऊन करतात ती) रिपोर्ट येतो. पेशी ठीक असतात, पण खाली एक ओळ असते: ‘ॲक्टिनोमायसिससारखे जिवाणू दिसले’. मग माझ्याकडे येणारा प्रश्न ठरलेला असतो, तांबी काढून टाकू का?

मालवणकडची एक ताई (ओळख पटेल असे तपशील बदललेत) अशीच जुलैत आली. मासेमारीबंदीचे दिवस, नवरा घरीच. रिपोर्ट घडीवर फाटायला आलेला, त्या ओळीखाली निळ्या पेनाची दोनदा ओढलेली रेघ. “माका कॅन्सर तर नाय ना झालो?” नाही, म्हटलं, पेशी चांगल्या आहेत. तरी ती उठेना. मग आवाज उतरवून विचारलं, “ह्यां कोणाकडून लागता काय?”

खरी धास्ती ही होती. नवरा-बायकोत त्यावर एक शब्द झालेला नव्हता, आणि संशय मात्र दोघांच्याही मनात.

हा लैंगिक संबंधातून लागणारा रोग नाही. हे जिवाणू आपल्या तोंडात, आतड्यात एरवीही असतात. तांबी म्हणजे शरीरात बसवलेली बाहेरची वस्तू, तिच्यावर ते ठाण मांडतात. तांबी जितकी जुनी, तितकी शक्यता जास्त. तांबीवाल्या शंभर बायकांत सातेक जणींच्या तपासणीत ते दिसू शकतात, आणि बहुतेकींना त्रास काहीच नसतो.

म्हणून मी रिपोर्ट बाजूला ठेवून तिलाच विचारलं. ओटीपोटात दुखतं? ताप? अंगावरून घाण वासाचं जातं? मधेच रक्त? संबंधाच्या वेळी दुखतं? “कंबर दुखता,” ती म्हणाली. दिवसभर उकिडवं बसून मासळी साफ करणाऱ्या बाईची कंबर दुखणारच, तरी डॉक्टरांकडून आतली तपासणी करून घेतली. कुठे दुखरेपणा नव्हता. तांबी तशीच ठेवली, गोळ्याही नाहीत. केमिस्टकडून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक आणून गिळणाऱ्या बायका मला भेटतात. त्रास नसताना त्याने काहीच साधत नाही. आणि नवरा दोन महिने घरी असताना तांबी काढली, तर पुढची काळजी वेगळीच!

त्रास असता तर गोष्ट निराळी. मग तांबी काढून औषधं द्यावी लागतात. ओटीपोटात पू किंवा गाठ झाली तर उपचार कित्येक महिने चालतात. हे फार विरळ, पण वरचं एखादं लक्षण दिसलं तर थांबू नये.

नवऱ्यालाही आत बोलावलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “मगे लिवतत कित्याक?” प्रश्न रास्त होता. काचेवर जे दिसतं ते नोंदवायची पॅथॉलॉजिस्टची पद्धतच आहे, आजार ठरवायचा तो बाईला तपासून.

जाताना तिला तांबीचं कार्ड शोधायला सांगितलं. त्यावर तांबीचा प्रकार ३८०ए असेल तर ती १० वर्षं चालते, ३७५ असेल तर ५. बसवल्याची तारीख मात्र दोघांनाही आठवत नव्हती.