सीएनसी ऑपरेटरचा पगार घेऊ की टूलरूममध्ये अप्रेंटिस म्हणून जाऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिटर ट्रेडमधून आयटीआय झालंय, वय २०, गाव करवीर तालुक्यात. शिरोलीतली एक टूलरूम, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे आणि हत्यारं बनवणारं वर्कशॉप, वर्षभरासाठी अप्रेंटिस म्हणून घ्यायला तयार आहे. गोकुळ शिरगावला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर ऑपरेटर म्हणून गेलात तर हातात जवळपास दुप्पट पैसे पडतात. घरचे म्हणतात, कानस घासत बसू नको.

माझं मत, टूलरूम घ्या. पण सही करण्याआधी तिथं चार गोष्टी विचारून घ्या, त्या पुढे सांगतो. उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर ऑपरेटरचा पगार घेतलेला बरा.

मी याच वाटेनं आलो, बावीस वर्षं टूलरूममध्ये आहे. पहिले दोन महिने मला एकच काम होतं. एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरायचा आणि कानशीनं घासून ५० मिलिमीटरचा घन करायचा. सहाही बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात. गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा वाइसवर. नंतर सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट केलेल्या जाड पाटाला, निळा रंग लावून त्यावर तुकडा फिरवायचा; जिथं निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच घासायचा. घरी कंटाळून सांगायचो की मशीन पाच मिनिटांत करतं ते मला दोन महिने करायला लावतात. पण त्या दोन महिन्यांत हाताला मिलिमीटरच्या पाच शतांशाचा फरक कळायला लागला. पुढे कुठल्याही मशीनवर गेलो तरी जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) नीट बसला की नाही हे डायलचं मापयंत्र लावण्याआधी हाताला जाणवायचं. हे शिक्षण सीएनसीसमोर उभं राहून मिळत नाही, कारण तिथं हात जॉबला लागतो तो फक्त चकमध्ये (मशीनच्या पकडीत) घालताना आणि काढताना.

एक चूक सांगतो, म्हणजे टूलरूम काय शिकवते ते कळेल. एप्रिल महिना होता. सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे घासून सपाट करणाऱ्या मशीनवर, १०० मिलिमीटर लांबीचा लोकेटिंग ब्लॉक (जॉब जागेवर बसवायचा ठोकळा) करत होतो. शेवटचा कट मारला, लगेच मायक्रोमीटर लावला, माप बरोबर आलं. खूश होऊन घरी गेलो. सकाळी तपासणीत तोच ब्लॉक साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी भरला आणि चालणारा फरक होता ५ मायक्रॉनचा. ब्लॉक बाद. मेस्त्रींनी कागद पुढे ठेवला आणि हिशेब करायला लावला. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटरचा तुकडा खोलीपेक्षा १० अंश गरम असेल तर तेवढ्यानंच ११-१२ मायक्रॉन लांब दिसतो. मी मोजला होता तो गरम ब्लॉक. मापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं हे आयटीआयच्या पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ते खरं कळलं त्या सकाळी.

आता कोल्हापूरचं. आपल्याकडं टूलरूमचं बरंचसं काम कास्टिंगभोवती, म्हणजे ओतीव भागांभोवती फिरतं. उद्यमनगरात शेतीपंपाची ऑईल इंजिनं बनायची तेव्हापासून ही फाउंड्रीची पेठ आहे. म्हणून इथल्या टूलमेकरच्या हाताखालून पॅटर्न (वाळूत ठसा उमटवायचा नमुना), कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा बनवायचा साचा) आणि कास्टिंग मशीनिंगला धरायची फिक्स्चर्स जास्त जातात. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ५०० मिलिमीटरचा भाग हवा तर पॅटर्न ५०५ चा करावा लागतो. ॲल्युमिनियमला थोडं जास्त, स्टीलला दोन टक्क्यांच्या आसपास. वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून भिंतींना उतार द्यावा लागतो.

फिक्स्चरमधला पहिला धडा तर तुमच्या आजीला माहीत आहे. चुलीला दगड तीनच का? चार ठेवले की भांडं डुगडुगतं. कच्च्या कास्टिंगचा तळ कधीच सपाट नसतो, म्हणून तो तीन टेकूंवर ठेवायचा, बाजूला दोन आणि टोकाला एक. झाले सहा बिंदू, जॉब तेवढ्यानंच पक्का बसतो. शिवाय कच्च्या पृष्ठभागावरून माप पकडायचं ते एकदाच, पहिल्या ऑपरेशनला. पुढची सगळी मापं मशीन केलेल्या पृष्ठभागावरून. हे चुकलं की प्रत्येक नग वेगळा निघतो आणि सगळे ऑपरेटरला बोल लावतात.

प्रेस टूलमध्येही, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यातही, तसंच. वरून दाबतो तो पंच, खालचा भोकाचा भाग ती डाय. २ मिलिमीटरच्या एमएस पत्र्याला पंच आणि डायमध्ये प्रत्येक बाजूला साधारण पाच टक्के, म्हणजे ०.१ मिलिमीटर फट ठेवतात. पत्र्यात भोक हवं असेल तर पंच मापाचा करायचा आणि फट डायला द्यायची. कापून पडलेला तुकडा हवा असेल तर डाय मापाची आणि पंच बारीक. वाचायला सोपं वाटतं, पण उलट करून बसलेले जाणते लोक मी पाहिलेत. टूल हार्डनिंगला गेलं, पाणी देऊन कडक झालं, की मग चूक सुधारायला ग्राइंडर नाहीतर भंगार, एवढंच उरतं.

ऑपरेटरचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. चांगला सेटर (मशीन कामाला लावून देणारा) शोधूनही मिळत नाही. फरक इतकाच, की नग मापाबाहेर जायला लागला तर ऑपरेटर ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमधलं माप थोडं सरकवून, बघतो, आणि तरीही जमलं नाही तर टूलरूमच्या माणसाला बोलावतात. तुम्हाला बोलावला जाणारा माणूस व्हायचंय का, हे आधी ठरवा. सीएनसी टूलरूममध्येही आहेच. आज व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन), वायरकट (तारेच्या ठिणग्यांनी कापणारं), स्पार्क इरोजन (ठिणग्यांनी धातू झिजवणारं) या मशीनशिवाय टूलरूम चालत नाही. टूलरूममधून सीएनसीकडे जाता येतं. उलटी वाट पंचविशीनंतर अवघड होते, कारण मोठा पगार सोडून कानस हातात घ्यायला घरचे तेव्हाही नकोच म्हणणार.

आता विचारायच्या गोष्टी. करारावर ट्रेड कुठला लिहिणार, आणि करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार ना? नोंद नसेल तर शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही, तुम्ही फक्त स्वस्तातले हेल्पर होता. वर्षभरात कुठल्या कुठल्या मशीनवर फिरवणार? शिकवणार कोण, त्या माणसाला भेटता येईल का? याआधीचे अप्रेंटिस आज कुठं आहेत? हे चौथं सगळ्यात महत्त्वाचं. मी आधी एका कंपनीत अप्रेंटिस लागलो होतो, तिथं चार महिने कास्टिंगच्या बर (कडेला राहिलेले धारदार कंगोरे) काढायला बसवलं. कागदावर फिटर, प्रत्यक्षात ग्राइंडर घेऊन उत्पादनाच्या लाइनवर. तिथून मी निघालो, पण ते चार महिने मला कुणी परत दिले नाहीत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तुम्ही कामगार नाही, शिकाऊ आहात. त्यामुळे शिकवणं हे त्यांचं काम आहे आणि ते मागायला लाजू नका. त्याच कायद्यानं वर्षानंतर नोकरी द्यायला मालक बांधील नाही, हेही घरी आधीच सांगून ठेवा.

घरच्यांना पैशाची काळजी आहे ती खोटी नाही. वर्षभर स्टायपेंडवर निघत असेल तरच हे करा. घरात कर्जाचा हप्ता असेल तर आधी ऑपरेटर व्हा आणि संध्याकाळी कॅड (संगणकावर ड्रॉइंग करणं) शिका. पुढं जास्त शिकायचं मनात आलं तर छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा होतो.

टूलरूममध्ये विचारायला जाल तेव्हा ग्राइंडर आणि सरफेस प्लेट कुठं ठेवलीय ते बघा. प्लेटवर झाकण आहे की चहाचे कप, हेही बघून या.