हरिकेन येऊन गेल्यावर किनाऱ्यावरच्या छोट्या गावाचं पुढे काय होतं?

तुमची बहीण आणि मेहुणे फ्लोरिडात समुद्रकाठच्या एका लहान गावात राहायला गेलेत. टीव्हीवर वादळ दोन दिवस दिसतं, मग कॅमेरे निघून जातात. त्यानंतर तिथे काय होतं आणि माणसं परत येतात का, असं तुम्ही विचारलंय. मी स्थापत्य अभियंता आहे, वादळानंतर पडक्या घरांची पाहणी करणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे उत्तर घरांकडे जरा जास्त झुकेल, चालवून घ्या.

काही माणसं परत येतात, बरीच येत नाहीत. आणि कोण येणार हे वाऱ्यापेक्षा कागदांवर ठरतं.

उदाहरण म्हणून मेक्सिको बीच घेऊ. नावात मेक्सिको असलं तरी गाव फ्लोरिडाच्या वायव्य पट्ट्यातलं, वस्ती जेमतेम हजाराची. 10 ऑक्टोबर 2018 रोजी भर दुपारी ‘मायकेल’ हे हरिकेन, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, तिथे धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 260 किलोमीटर, आणि उधाणाचं पाणी त्या किनाऱ्यावर जमिनीपासून 9 ते 14 फूट चढलं. आधी ते चौथ्या श्रेणीचं धरलं होतं. 2019 च्या एप्रिलमध्ये फेरतपासणीत पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं ठरलं. 1992 च्या ‘अँड्र्यू’नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आलेलं हे पहिलंच पाचव्या श्रेणीचं वादळ. जेमतेम तीन दिवस आधी त्याला नावसुद्धा नव्हतं, इतक्या झपाट्याने ते वाढलं. ‘लोक वेळेवर निघाले का नाहीत’ हा प्रश्न सोफ्यावर बसून विचारायला सोपा आहे.

अशा गावात शिरल्यावर आधी दिसतात त्या भिंतींवरच्या स्प्रेने मारलेल्या मोठ्या फुल्यांच्या खुणा. शोधपथकं त्या करून जातात. फुलीच्या डाव्या खणात पथकाचं नाव, वर तारीख आणि वेळ, उजवीकडे धोका (गॅस गळती, खचलेली जमीन वगैरे), आणि खाली किती माणसं सापडली. तो खालचा शून्य वाचल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही. मग फ्रीज. वीज गेलेली, आतलं सगळं सडलेलं, म्हणून चिकटपट्टीने गच्च बांधून रस्त्याकडेला ठेवलेले. ते उघडायचे नसतात. कचऱ्याचेही वेगवेगळे ढीग लावावे लागतात: झाडंझुडपं एकीकडे, बांधकामाचा राडारोडा दुसरीकडे, यंत्रं आणि रंग-रसायनं आणखी वेगळी. ढीग एकत्र केला तर तो तसाच पडून राहतो.

घराच्या आत चिखलाची रेघ असते. समजा ती गुडघ्याइतकी आहे. घरमालक म्हणतो, तेवढ्यापर्यंतच्या भिंती काढू. पण तिथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्सम बोर्ड, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं त्यांत पाणी वर चढतं. ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया कंबरेच्या उंचीवर टोचल्या तरी आकडा ओलच दाखवतो. मागे इन्शुलेशनचा कापूस चिंब. एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत रस्ते बंद असल्यामुळे मालकाला गावात यायलाच मिळत नाही.

आता कागद. अमेरिकेतल्या घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याचं नुकसान येतं, पुराचं येत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यायचा. तो बहुतेकदा 1968 पासून चालत आलेल्या सरकारी योजनेतला असतो आणि त्यात राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात. त्यामुळे प्रत्येक पडक्या घरापुढे एकच वाद उभा राहतो: वाऱ्याने पडलं की पाण्याने? भिंती उभ्या असतील तर पुरावा असतो. छपराचे खिळे कोणत्या दिशेने उपटले, पाण्याची रेघ कुठवर गेली, शेजारच्या घराचं काय झालं, हे बघता येतं. पण जिथे फक्त काँक्रीटचा चौथरा उरलाय तिथे काय बघणार? तरीही सगळे पैसे त्याच उत्तरावर अडकलेले असतात. एका बाजूचा अहवाल म्हणतो आधी छप्पर उडालं, दुसऱ्या बाजूचा म्हणतो आधी लाट आली. दोन्ही अहवाल अंदाजे सारख्याच जाडीचे असतात. शिवाय हरिकेनसाठीची डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली मालकाने आधी स्वतः सोसायची रक्कम, बऱ्याचदा घराच्या विमा-रकमेच्या टक्क्यांत असते, दोन, पाच, कधी दहा.

पुराचा विमा सक्तीचा होतो तो साधारणपणे धोक्याच्या पट्ट्यातल्या घरावर बँकेचं कर्ज असेल तेव्हा. म्हणजे ज्या म्हाताऱ्या जोडप्याने आयुष्यभर हप्ते फेडून घर मोकळं केलं, त्यांच्याकडेच नेमका तो नसण्याची शक्यता जास्त. मायकेलच्या वेळी तर नकाशावर धोक्याच्या पट्ट्याबाहेर दाखवलेल्या घरांतही पाणी शिरलं.

आणि मग पन्नास टक्क्यांचा नियम. पुराच्या पट्ट्यातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च त्या बांधकामाच्या वादळापूर्वीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर नुसती दुरुस्ती चालत नाही; घर आजच्या नियमांप्रमाणे, बहुधा खांबांवर उंच करून, बांधावं लागतं. भावात जमीन धरायची नाही, फक्त इमारत. जुन्या छोट्या घराच्या बाबतीत हा आकडा पटकन ओलांडला जातो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः अभियंता आहे, जमिनीलगतची घरं पुन्हा तिथेच बांधू नयेत हे मलाही पटतं. पण तो पाळायला लागणारा पैसा त्या घरात राहणाऱ्याकडे नसतो. पूरविमा असेल तर उंच करायला त्यातून 30,000 डॉलरपर्यंत जादा मिळतात. प्रत्यक्ष खर्चाला ते सहसा पुरत नाहीत.

मेक्सिको बीचच्या फोटोंत समुद्राकाठी एक उंच घर जवळजवळ शाबूत उभं दिसतं, ते तुम्ही पाहिलं असेल. खोलवर गेलेले खांब, काँक्रीटच्या भिंती, नियमाला लागतं त्यापेक्षा कितीतरी मजबूत, नुकतंच बांधलेलं. लोक ते दाखवून म्हणतात, बघा, असं बांधायला हवं. बरोबरच आहे. पण हॉटेलात वाढप्याचं काम करणारी बाई असं घर बांधणार नाही. तिचं तर घरही भाड्याचं असतं. मालक भरपाई घेऊन प्लॉट विकतो, आणि तिच्या वाट्याला कसलीच रक्कम येत नाही.

सरकारी मदत येते, पण तिचा वेग वेगळा असतो. मायकेलनंतर अमेरिकन संसदेतल्या मोठ्या मदतनिधीवर सही व्हायला 6 जून 2019 उजाडला, म्हणजे जवळजवळ आठ महिने. तोवर गावाच्या नगरपालिकेने कचरा उचलायचा खर्च आधी स्वतः करायचा आणि मग केंद्राकडून परतावा मागायचा. तोही अशा वेळी, जेव्हा कर भरणारी घरंच उरलेली नसतात.

किनाऱ्यामागच्या जंगलाबद्दल तर कुणी विचारतही नाही. मायकेलने फ्लोरिडात सुमारे 28 लाख एकर जंगलाचं नुकसान केलं. आडवी झालेली पाइनची झाडं वाळत राहिली आणि मार्च 2022 मध्ये, वादळानंतर साडेतीन वर्षांनी, त्याच सरपणावर त्या भागात मोठे वणवे पेटले. फाटक्या छपरावर घातलेल्या निळ्या ताडपत्रीखालून नव्या छपराखाली आलेल्या लोकांना पुन्हा घरं सोडून निघावं लागलं.

तुमच्या बहिणीसाठी: पूरविमा नसेल तर आजच चौकशी करायला सांगा, कारण सरकारी योजनेतली पॉलिसी लागू व्हायला साधारण 30 दिवस लागतात, वादळाचं नाव टीव्हीवर ऐकून घेतलेला उपयोगी पडत नाही. घर भाड्याचं असेल तर फक्त सामानाची पूर पॉलिसीही मिळते. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, मोबाइलवर व्हिडिओ काढून क्लाउडवर ठेवा. घर पुराच्या पातळीच्या मानाने किती उंचावर आहे याचा दाखला असेल तर त्याची प्रतही तिथेच ठेवा. आणि परत गेल्यावर वीज नसेल तर जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये अजिबात लावायचा नाही. वादळातून वाचलेली माणसं त्याच्या धुराने मरतात, आणि असे मृत्यू जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादळानंतर होतात.